रिकाम्या बाजाराचा तास

बाबा, काल आईने पुन्हा तेच विचारलं. मेथी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. "मी आदल्या दिवशीच यायले पाह्यजे होतं. वाट पाहून राह्यले असन का रे ते?" इतक्या वर्षांत शब्दही बदललेले नाहीत.

तुम्ही इंग्रजीचे मास्तर. दारव्ह्याचा आठवडी बाजार उठला की दुसऱ्या सकाळी तुम्ही आमचा दहावीचा वर्ग त्या रिकाम्या मैदानावर न्यायचात. मीही त्याच वर्गात; घरी बाबा, तिथे सर. चिरडलेले टमाटे, बैलांच्या खुरांचे ठसे, मिरच्यांचे देठ. जे उरलंय त्यावरून काय घडून गेलं ते इंग्रजीत सांगायचं. पुरावा पक्का असेल तर 'मस्ट हॅव', नसेल तर 'माइट हॅव'. एकजण फुटक्या बांगड्या दाखवतो, "सर, बाया भांडल्या असन! मस्ट हॅव!" तुम्ही शांतपणे विचारता, "तू होता का सोडवायले? माइट म्हण." सगळे हसतात. करायला हवं होतं पण केलं नाही, ते सांगणारं 'शुड हॅव' मात्र तुम्ही शाळेतच घाईने उरकलंत. "हे परीक्षेपुरतं शिका. घरी वापरू नका."

आई तेच वापरते. खरं तर यवतमाळच्या दवाखान्यातून तिला तुम्हीच घरी पाठवलं होतं. सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, शेतात उघड्यावर पडलं होतं, आभाळ भरून आलं होतं, तिला जाणं भागच होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं जीपने दवाखान्यात पोचलो तेव्हा तुम्ही गेला होतात. तिने फक्त तुमचा चेहरा पाहिला. मी, तुमच्या सवयीने, खोली पाहिली. खिडकीजवळचं स्टूल खाटेशी ओढलेलं, त्यावर टॉवेलची घडी. तिची कंबर दुखते म्हणून एसटीत, लग्नात, कुठेही तुम्ही तिच्या जागेवर अशीच घडी ठेवायचात.

हे मी तिला काल पहिल्यांदा सांगितलं. तिचा हात थांबला.

"आडवी होती का उभी?"

"आडवी."

"मंग त्याईनंच ठेवली," ती म्हणाली. संध्याकाळी कितीतरी दिवसांनी तिने स्वतःहून चहा मागितला.

हे पत्र आईच्या हाती लागता कामा नये, म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. स्टूल नर्सनेही ओढलं असेल, बाबा. आणि घडी आडवी होती की उभी, मला आठवत नाही. तुमच्या मैदानावर हे 'माइट'च ठरलं असतं. तिला मी 'मस्ट' सांगितलं.