खेकड्याच्या पलीकडे

१० जून, सोमवार. सकाळी ९.
बावीस वर्षं साप्ताहिकात नाटकांची समीक्षा केली. भलेभले नट माझ्या पेनाला टरकून असत. निदान मी तरी तसं समजतो. आज संपादिकाबाईंनी (पूर्वी ही मुलगी माझ्या हाताखाली प्रुफं तपासायची) हातात व्हिडिओ गेम ठेवला. म्हणाली, नाटकाचं पान बंद, आता गेमचं पान. शुक्रवारी लेख द्या. वाचकांची पत्रं आली तर पान तुमचं, नाहीतर शब्दकोडं सांभाळा.
शब्दकोडं! मी!
संकल्प : असा लेख लिहायचा की गेम बनवणाऱ्यांनी धंदा बदलला पाहिजे.

त्याच दिवशी. ११ वाजता.
गेम पाहिला. एक चिमुकलं यान अंतराळात डावीकडून उजवीकडे सुसाट पळतं आणि दिसेल त्याला गोळ्या घालतं. मागे वळायची सोय नाही, थांबायची नाही. का पळतंय ते कुणी सांगत नाही. संहितेच्या नावाने शंख. संगीत म्हणजे मिक्सरमध्ये चमचा पडलाय. पहिल्या टप्प्याच्या शेवटी एक लोखंडी खेकडा येतो. खेळाडूला तीन जीव मिळतात. माझे तिन्ही खेकड्यापाशी गेले.
खेकड्याचा अभिनय ढोबळ.

११ जून, मंगळवार.
खेकडा, सतरा वेळा. दोष उघड आहे. गेम विनाकारण वेगवान आहे. प्रेक्षकाला विचार करू देत नाही ती कलाकृती कसली?
हे सासूबाईंना समजावून सांगितलं. त्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे विश्रांतीला आल्यात. चाळीस वर्षं टायपिस्ट होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, खेकडा नांगी उचलतो तेव्हा खाली सटकायचं की. मी म्हणालो, प्रश्न नांगीचा नाही, आशयाचा आहे. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला की नाचता येईना अंगण वाकडं. हिला समीक्षेतलं ओ की ठो कळत नाही.
निषेध म्हणून हातातला बटणांचा काळा कंट्रोलर सोफ्यामागे भिरकावला. जोडीला एक पांढरा आहे, तो सासूबाईंना देऊन टाकला. मी ऑफिसात असताना दुपारी त्यांचा वेळ जात नाही म्हणे.

१२ जून, बुधवार. सकाळी ८.
हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ महिनाभर बंद होतं, ते आज चालू. ही म्हणाली, सोफ्यामागे झाडताना सेलची सोय झाली. कसली सोय ते विचारलं नाही. असल्या क्षुल्लक गोष्टींत मी लक्ष घालत नाही. काळा कंट्रोलर टेबलावर आणून ठेवलेला होता.
मग चमत्कार! गेम लावला, चहाचा कप उचलला, दोन घोट घेतो न घेतो तोच मी तिसऱ्या टप्प्यात! बर्फाचा ग्रह, सोबतीला दुसरं निळं यान, खेकड्याचा मागमूस नाही. माझी बोटं काय चालत होती! तीसुद्धा एकाच हाताची.
खाली काही अक्षरं लुकलुकत होती. सुरू करण्यासाठी बटण दाबा की असलंच काहीतरी. समीक्षकाने तळटिपांत अडकू नये.

१३ जून, गुरुवार.
सकाळी दोन तास खेळलो. एकदाही मेलो नाही. इतकं सोपं असेल तर मोठ्या माणसाने खेळावं कशाला? बर्फाचा ग्रह दोन मिनिटांत संपतो आणि पुन्हा तोच बर्फाचा ग्रह येतो. कल्पनेचं दारिद्र्य. शिवाय बटण दाबा, न दाबा, यान आपलं वाचतंच. कंट्रोलर ठेवून दाढी करून आलो, तरी जिवंत! म्हणजे इथे खेळाडूच्या इच्छेला काडीची किंमत नाही. हा मुद्दा आजवर कुणालाच सुचला नसणार.
सासूबाई दोनदा काहीतरी सांगायला आल्या. त्यांना म्हटलं, लेख छापून आला की वाचा.

१४ जून, शुक्रवार.
लेख दिला. मथळा : ‘दाढी करता करता जिंका’. शेवटचं वाक्य फार जमलंय : ‘हा गेम खेळायला माणूस लागत नाही, आणि माणसाने तो खेळूही नये.’ स्वतःलाच तीनदा वाचून दाखवलं.

१६ जून, रविवार.
छापून आला. हिने वाचला. काही बोलली नाही. भारावली असावी.

१९ जून, बुधवार.
पत्रं! चव्वेचाळीस! नाटकाच्या पानाला वर्षात चार यायची, त्यातली दोन माझ्या भावाची. संपादिकाबाईंचा फोन आला. हसू आवरत नव्हतं बिचारीला. उद्या भेटायला बोलावलंय. पान माझं झालं. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

२० जून, गुरुवार.
शर्ट घातला नसता तरी चाललं असतं.
सगळ्या पत्रांत एकच मजकूर. मी खेळत नव्हतोच. कुणी बटण दाबलं नाही की गेम आपला आपणच खेळून दाखवतो म्हणे, दुकानात गिऱ्हाईक थांबावं म्हणून. मी दोन दिवस ती जाहिरात जिंकत होतो. काळ्या कंट्रोलरला दोन सेल लागतात. त्यातला एक भिंतीवर टिकटिकत होता.
गेम बनवणाऱ्या दोघी बहिणींचंही पत्र आहे. आमच्या तीन वर्षांच्या कामातली दोन मिनिटं आपण पाहिलीत, उरलेलंही पाहावं ही विनंती. एक वाकडा शब्द नाही. शिव्या परवडल्या असत्या.
शेवटचं पत्र टाइप केलेलं. खाडाखोड नाही. सातही टप्प्यांचं वर्णन, कुठे गेम सुरेख आहे, कुठे रटाळ, सगळं नेमकं. खेकड्याच्या नांगीवर अख्खा परिच्छेद. संपादिकाबाई म्हणाली, पान यांना द्यावं म्हणते, पण पत्ता तुमच्याच घरचा दिसतोय. ओळखीच्या आहेत का?
मी म्हणालो, तोंडओळख आहे.

२१ जून, शुक्रवार.
सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, मी तर गुरुवारीच सांगत होते, तुम्ही ऐकाल तर ना. मग म्हणाल्या, तुम्हाला वाईट वाटत असेल तर नको मला ते पान. मी म्हणालो, छे, वाईट कसलं, घ्या.
वाटलं. वहीशी खोटं कशाला बोलू. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, आणि बावीस वर्षांचं पान गेलं. दुपारी जेवलो नाही. (संध्याकाळी जेवलो.)

२४ जून, सोमवार.
शब्दकोडं. आडवे सात, उभे नऊ. भिकार प्रकार. कथानक नाही, पात्रं नाहीत.
सासूबाईंचा पहिला लेख तपासायला माझ्याच टेबलावर आला. तासभर चूक शोधली. एक स्वल्पविराम काढला. मग परत घातला.

२५ जून, मंगळवार. सकाळी ७.
घरात अजून कुणी उठलेलं नाही. संकल्प : खेकडा आज संपवायचाच. मग संपादिकाबाईंना सांगायचं, पान निम्मं निम्मं करा. पांढरा कंट्रोलर सासूबाईंच्या खोलीत आहे, म्हणून स्टुलावर चढून घड्याळातला सेल काढला आणि काळ्यात घातला. बटणही आठवणीने दाबलं. नांगी वर, आपण खाली. तत्त्व तोंडपाठ आहे.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने.
सेल परत घड्याळात घातला. वेळ लावायला मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. भिंतीवरचं चारच मिनिटं मागे पडलं होतं. त्यात माझे तिन्ही जीव आले, आणि स्टुलावर दोनदा चढणं-उतरणंही.