मागूरचे नर

१२ मे

चि. चिमणीस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघ्याला तेल लावतेस की नाही, ते लिहिलं नाहीस. म्हणजे लावत नसणार.

इकडची बातमी अशी, की भाऊजींनी मला मत्स्यबीज केंद्रातून काढलं. हे वारले त्याला वर्षही झालं नाही, आणि दीर म्हणतात, वहिनी, आता आराम करा, मागूर माशाची पिल्लं काढणं म्हणजे स्वयंपाक नव्हे. चिमणे, त्या माद्या बोटभर होत्या तेव्हापासून मी वाढवल्यात. जुन्या कामगारांनाही त्यांनी घरी बसवलं. यांची खुर्ची पत्र्याखाली टाकली आहे, तिच्यावर खाद्याची पोती असतात.

मी भांडले नाही. आठवण म्हणून थोडे मासे नेऊ का, एवढंच विचारलं. ते हसून म्हणाले, ते सडपातळ नर न्या हवे तेवढे, त्यांच्या पोटात अंडं ना काही. मी चांगले तयार नर निवडून आणले, घरामागच्या हौदात सोडले. त्यांच्याकडे मोजकेच उरलेत.

भाऊजींचा हात रोहूवर बसलेला. रोहूचा नर हलके दाबला की वीर्य येतं, आणि तो पुन्हा तळ्यात सोडता येतो. मागूरच्या नराचं तसं नाही. त्याला मारून, पोट उघडून आतली वृषणं कुस्करावी लागतात, तेव्हाच वीर्य मिळतं. यांना ते बघवत नसे, म्हणून मी एकटीच आतल्या खोलीत ते उरकायची. भाऊजींनी कधी डोकावलंही नाही. मी त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. हंगाम येऊ दे.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
ताई

२१ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि वसतिगृहातली ती मुलगी आठवली, माझी निळी रिबीन पळवणारी. तू महिनाभर तिच्याशी गोड बोललीस, आणि नाटकाच्या दिवशी तिचा एक बूट गायब केलास. परी झालेली ती बिचारी एका पायात चप्पल घालून रंगमंचावर आली. सिस्टरनी सगळ्या वर्गाला क्षमेवर निबंध लिहायला लावला. सगळ्यात सुंदर तुझाच होता.

भाऊजींची मला दया येत नाही. खुर्चीचं वाचून घास उतरला नाही. पण ताई, संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं की अंडी पिकतात, मग ती थांबत नाहीत, हे तूच सांगितलं होतंस. वेळेवर कुणी काढली नाहीत तर मादीच्या जिवावर बेततं. त्या माद्यांनी तुझं काय वाकडं केलंय? भाऊजींना हवं तेवढं रडव, पण माद्यांना मरू देऊ नकोस.

तेल लावते. रागावू नकोस, लोभ आहे तसाच असू दे.

तुझी,
चिमणी

३ जुलै

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी भाऊजी दारात उभे. पायात दोन वेगळ्या चपला. काल संध्याकाळी सगळ्या माद्यांना इंजेक्शन देऊन बसलेत, पिल्लांसाठी गिऱ्हाइकांना शब्द दिलाय. आणि नर दाबले तर थेंब नाही. आणखी दाबले, ते मेले, म्हणून उकिरड्यावर फेकले. वहिनी, हात कसा ठेवायचा तेवढं दाखवा, म्हणाले. मी पदर खोचला आणि निघाले.

तुझं ऐकलं बरं का. एकेक मादी ओल्या फडक्यात धरली, पोटावरून अंगठा फिरवला. अंडी कशी धारेनं आली, पिवळसर, टपोरी. एकही मादी गेली नाही. साऱ्या स्वच्छ पाण्यात सोडल्या. भाऊजी वाडगी धरून उभे होते, खुशीत.

मग त्यांनी विचारलं, आता नराचं? मी सांगितलं, तुम्ही फेकलेत त्यांच्याच पोटात होतं. सकाळपासून उन्हात पडलेत, आता उपयोग नाही. त्यांना समजायला वेळ लागला. मग माझ्या हौदातल्या नरांची आठवण झाली. गाडी पाठवतो म्हणाले, हात जोडले. अंडी फार वेळ टिकत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. मी नाही म्हटलं. हंगाम बुडेल, वहिनी. हो, म्हटलं. त्यांचा चेहरा मी सावकाश पाहून घेतला, तुझ्या वाटचाही.

निघताना त्यांनी विचारलं, या अंड्यांचं करू काय? मी म्हटलं, मोरीत ओतू नका, चिकट असतात, तुंबेल. बादलीनं बाहेर न्या.

आज जेवण गोड लागलं. लोभ वाढवच, कमी करू नकोस.

तुझी,
ताई