घोड्याचे मागचे पाय

३ मार्च, सोमवार
आणि वर हा हिरो मलाच म्हणतो, "लक्ष कुठे असतं तुझं?" लक्ष! कापडी घोड्याच्या पोटात वाकून उभं राहिलं की दिसतं काय? तुझ्या टाचा! ठरलंय ना आपलं — वळायचं असेल तर त्या बाजूचा पाय दोनदा आपटायचा. आज आपटलाच नाही. तो गेला डावीकडे, मी सरळ. ऐन कारंज्यापाशी घोडा मधोमध उसवला! एक चिमुरडी किंचाळली, "आई, घोड्यातून काका निघाला!"

हिरो म्हणजे पुढचा. कमरेच्या वर माणूस — दाढी, धनुष्य, भाषण, सगळं त्याचं. खाली घोडा. पुढचे पाय त्याचे. मागचे पाय आणि शेपूट माझी. मला शेपट्या म्हणतो. आमच्या ग्रीक कथांच्या पार्कातल्या पाटीवर लिहिलंय, 'अश्वमानव, वीरांचा गुरू'. फोटोत मी कुठेच नाही.

४ मार्च
घोडा मीच शिवला. हिरोशी अबोला.

६ मार्च
दादाचा फोन. "लोक विचारतात, भाऊ काय करतो? काय सांगू?" म्हटलं, सांग, शिक्षण खात्यात आहे. खोटं काय त्यात? निम्मा गुरू मीच!
हसला नाही. "सहा ठिकाणची कामं सोडलीस. हे सुटलं तर सरळ घरी यायचं आणि दुकानात बसायचं." म्हणजे जन्मभर खिळे आणि स्क्रू मोजायचे, आणि समोर दादाचं तोंड. नको रे बाबा. इथे निदान लाथा झाडायचा मला पगार मिळतो.

९ मार्च, रविवार
अबोला संपला. हिरोनं जेवताना त्याच्या ताटातलं अंडं माझ्या ताटात सरकवलं.

जेवणाच्या खोलीत बघण्यासारखं असतं. सापकेशी येते, डोक्यावरचे साप काढून खुंटीला अडकवते आणि टाळू खाजवते. "आत काय उकडतं, तुम्हाला काय कळणार!" एकडोळ्या राक्षसाला एकाच भोकातून दिसतं, त्यामुळे आजही दाराच्या चौकटीवर आपटला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग हिरोनं आमच्या घोड्याची खरी कथा सांगितली. मोठमोठे वीर याच्या हाताखाली शिकले — वैद्यकी, नेमबाजी, गाणं. स्वतः अमर. आणि एकदा चुकून विषारी बाण लागला, तोही एका शिष्याचाच.
मी विचारलं, कुठे लागला?
"गुडघ्याला."
पुढच्या की मागच्या?
हिरो घास हातात धरून विचार करत बसला. सापकेशी म्हणाली, "मागच्याच! नशीबच तसं आहे त्याचं."

१२ मार्च
मालकीणबाईंनी हिरोला ऑफिसात बोलावलं. काचेच्या खोलीत बसवून त्याची सगळी भाषणं रेकॉर्ड करून घेतली, हसणं आणि खोकणंसुद्धा! बाहेर आला तो छाती काढून. "शेपट्या, आपला आवाज आवडलाय त्यांना. बढती दिसतेय." बढती! मला कुणी साधं खिंकाळायलाही बोलावलं नाही.

१४ मार्च
बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं — घोड्यासाठी यंत्र मागवलंय. पुढच्या आठवड्यापासून एकच माणूस पुरेल.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकडोळ्यानं पाठीवर हात ठेवला. त्याला दिसत नसतानाही बरोबर माझ्याच पाठीवर!

१५ मार्च, शनिवार
असा कसा जाईन? शेपटीला आतून दोरी बांधली. आता शेपूट माशा हाकलते, कुणाची टोपीही उडवते. मागच्या पायांनी नाचलो, बसलो, लाथ झाडली. हिरोचं भाषण चालू आणि पोरं सगळी माझ्या बाजूला!
हिरो पुढून दातांतल्या दातांत, "अरे माझ्या बाणाचा नेम चुकतोय, गाढवा!"
गाढव नाही, घोडा!
पण आत घामानं डोळे चुरचुरत होते. नुसता घाम नव्हता. दुकान दिसत होतं.
संध्याकाळी हिरो म्हणाला, "बाईंशी बोलतो. म्हणेन, याच्याशिवाय मला चालता येत नाही."

१८ मार्च
बोलला. त्या म्हणाल्या, "ठरलंय ते ठरलंय."

२० मार्च, गुरुवार
पेटी आली. मी स्वतःच पहार लावून झाकण काढलं. म्हटलं, बघू तरी माझ्या जागी कोण आलाय.

आत मागचे पाय नव्हतेच. दाढी होती. धनुष्य होतं. कमरेपर्यंत माणूस, खाली पुढचे दोन पाय, खुरांखाली चाकं. मिस्त्रीनं बटण दाबलं. त्यानं पापण्या फडकवल्या आणि हिरोच्या आवाजात म्हणाला, "या वीरांनो, मी तुमची वाट पाहत होतो." खोकलाही त्याचाच.

बाई म्हणाल्या, "बोलतो छान. ढकलायला मागे माणूस मात्र लागेलच."

हिरो हसला. घोड्यात असताना तो हसला की मला त्याच्या टाचाच दिसायच्या, आज तोंड दिसलं. बघवेना. म्हणाला, "शेपट्या, वळताना पाय आपटेल ना रे हा?"

३१ मार्च, सोमवार
पगार झाला. हिरो काम शोधतोय, खोलीतच असतो, गावी त्याच्या बायकोला, वहिनींना, अजून काही कळवलेलं नाही. दर महिन्याला आम्ही दोघं एकाच खिडकीवर घरी पाठवायचे पैसे भरायचो, त्यामुळे त्याच्या घरचा आकडा मला पाठ आहे. दादा, या खेपेला तुला काही नाही, हव्या तितक्या शिव्या घाल. हिरोच्या नावानं, वहिनींना — चौदा हजार.