न बांधलेल्या मजल्याची वाटणी

मी, श्रीमती शेवंती हरिश्चंद्र धुरी, वय वर्षे ७२, धंदा पूर्वी खानावळ व हल्ली छपराची राखण, राहणार कसाल, तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. कुडाळच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. माझे दीर गुरुदास यांचे मत वेगळे आहे, पण ते डॉक्टर नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. मला धाक दाखवील असा माणूस मी बाजारात खानावळ चालवत होते तेव्हाही कसालात नव्हता.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे घराचे काय व्हावे हेच तेव्हा मला उमगत नव्हते. आता उमगले आहे, त्यामुळे हा कागद मी निवांतपणे, चहा पीत लिहीत आहे. वकिलांनी सांगितले की मृत्युपत्रात आठवणी लिहू नयेत. पण कारण न सांगता वाटणी केली तर मागची माणसे आपापली कारणे तयार करतात, असे मी पाहिले आहे.

माझे वारस दोन. मुलगा सिद्धेश, राहणार वसई, आणि मुलगी सृष्टी, राहणार कुडाळ.

कलम १. कसाल येथील राहते घर, त्याखालची जागा आणि परसातले माड ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. जागा खानावळीच्या उत्पन्नातून घेतली असून खरेदीखत माझ्या नावाचे आहे. १९९९ साली माझ्या यजमानांनी त्याच उत्पन्नातून तिच्यावर स्लॅबचे घर बांधले. तेव्हा आमच्या वाडीत सगळी कौलारू घरे होती. स्लॅब पडला त्या दिवशी यजमान सगळ्यांना दिसतील असे वर उभे राहून विडी ओढत होते. खांबांच्या सळया त्यांनी कापू दिल्या नाहीत, पुरुषभर उंच वर सोडायला लावल्या. ‘ह्यो सिद्धेशचो माळो,’ असे म्हणाले. सिद्धेश तेव्हा नववीत होता. त्याला कोणी विचारले नव्हते.

कलम २. यजमान २०११ साली वारले आणि सळया राहिल्या. टोकांना मी बाटल्या पालथ्या घातल्या, कापडे गुंडाळली, तरी त्या गंजल्या. गंज खांबात उतरला आणि त्याच्यामागून पाणी. आषाढ लागला की ठिबकेल तिथे ठेवायला खानावळीचे तोप घरात येत. एकदा एक पाहुणे दारातूनच म्हणाले, आज काय कार्य आहे की काय?

लोक म्हणत, पत्रे घाल. पण पत्र्यांसाठी सळया कापाव्या लागणार, आणि त्या कापल्या तर मुलाला परत ये म्हणायला मला तोंड कुठे राहणार? सिद्धेश दर गणपतीला वसईहून येई, वर जाऊन सळयांना हात लावून पाही आणि म्हणे, ‘आये, पुढल्या वर्साक माळो चढवया.’ मी ‘बरा’ म्हणे. तो गेला की मी त्या नसलेल्या माळ्याची खिडकी कोणत्या बाजूला काढावी याचा विचार करत बसे. मला फार काही नको होते. मी खाली मासे तळावे आणि डोक्यावर मुलाची पावले वाजावी, इतकेच हवे होते.

२०२१ च्या गणपतीत आरती झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि मान खाली घालून म्हणाला, ‘आये, एक सांगाचा आसा. मी वसईक घर घेतलंय. मी काय हंय परत येवचंय नाय.’

‘मगे इतकी वर्सां माळो माळो कित्याक करी होतंस?’

‘तुका वायट वाटतला म्हणान. तू त्या सळयांकडे बघीत बसतंस, माका दिसता. तुझ्यासाठी हो म्हणी होतंय.’

‘मेल्या, आणि मी तुझ्यासाठी ठेवलंय त्यो!’

आधी त्याला हसू आले आणि मला रडू. मग उलट झाले. मुलगा परत येत नाही म्हटल्यावर आईने अंथरूण धरायचे अशी रीत आहे. मला मात्र डोक्यावरची भरली पाटी कोणी उतरून घ्यावी तसे झाले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. दुसऱ्या दिवशी गवंडी निलेश मेस्त्रीकडून कापायचे मशीन आणून सिद्धेशने स्वतःच सळया कापल्या. सगळ्या भंगारात गेल्या. एक तेवढी मी ठेवून घेतली आणि लोहाराकडून तिचे खुरपे करवले. त्याचे पुढे येईल.

कलम ३. आता छप्पर. घरावर गवत लावायची कल्पना सृष्टीची. तिने मोबाईलवर परदेशातली घरे दाखवली. मी म्हटले, एवढ्या लांब कशाला, आपला डोंगरमाथ्यावरचा सडा बघ. खाली सगळा कातळ, वर चार बोटे माती, तरी पावसाळाभर गवत नि फुले असतात. आणि सडा कधी गळलेला ऐकलास? कुडाळचे इंजिनिअर येऊन खांब ठोकून पाहून गेले. म्हणाले, ‘काकी, पातळ माती पेलेल. मजला पेलणार नाही.’ म्हणजे माळा कधीच चढणार नव्हता. ते ऐकून मी त्यांना कोकम सरबताचा दुसरा पेला दिला.

२०२२ च्या उन्हाळ्यात काम झाले. जुने खांब दुरुस्त करून स्लॅबवर गळती थांबवणारे लेप दिले. मग वर पाणी बांधून ठेवले आणि खाली मी छताकडे बघत बसले. एक थेंब आला नाही. त्यावर मुळे अडवणारा जाड प्लास्टिकचा ताव, त्यावर चिऱ्याची खडी, मग कापड, आणि सर्वांत वर काथ्याचा भुसा मिसळलेली हलकी माती. गवताचे ठोंब आमच्याच काजूच्या बागेतल्या कातळावरून आणले. कठड्यालगत चालण्यासाठी चिरे बसवले. खानावळीची जागा रस्त्याच्या रुंदीकरणात गेली होती, तिची भरपाई ह्या कामी लागली. तो आषाढ घर कोरडे राहिले. मी अनवाणी फिरून फिरून बघत असे, तळव्याला कुठे ओल लागते का. तोप फळीवरच होते.

कलम ४. दीर गुरुदास यांना मी त्यांचा निळा पत्रा परत देते. ‘घरार गवात? गुरां खंयसून चढवतलंस?’ असे चारचौघांत विचारून, शहाणपणा यावा म्हणून त्यांनी तो नमुन्यादाखल आणून ठेवला होता. सध्या तो कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे, कोंबड्या काढून मग द्यावा. वैशाखात आमच्याकडे पंखा लागत नाही हे कळल्यापासून दुपारची झोप ते आमच्याकडे काढतात. त्यांची खाट ओटीवरून हलवू नये. माणूस तोंडाचा वाईट आहे, पोटाचा नाही.

कलम ५. त्याच वर्षी भाद्रपदात छताला पुन्हा ओलीचा ठिपका पडला. कारण पिंपळ. पाखरांच्या कृपेने तो पाणी जायच्या तोंडाशीच उगवला होता. दोन पानांचा होता तेव्हापासून मी त्याला पाहत होते, पण पिंपळ उपटायचा कोणी? माझा हात होईना. निलेश मेस्त्री म्हणाला, ‘काकी, कायव सांगा, पिंपळ सांगा नको.’ गुरुदासांनी कानांवर हात ठेवले. सृष्टी शिकलेली, पण तिची सासू पोथ्यांत तिच्याहून जास्त शिकलेली. असे आम्ही सगळे हात जोडून उभे, आणि वर पिंपळ वाढतो आहे, पाणी तुंबते आहे, मुळे सांध्यात शिरत आहेत. सळयांनी जे केले तेच पुन्हा सुरू झाले होते.

परसाच्या दगडी गडग्यापलीकडे जेसिंता फर्नांडिस राहते, शाळेतून निवृत्त झालेली बाई. तिच्या यजमानांनी गडगा नवा घातला तेव्हा तो हातभर आमच्या बाजूला सरकला, आणि तेव्हापासून आम्ही दोघी बोलत नव्हतो. नाताळच्या नेवऱ्या आणि गणपतीचे मोदक मुलांच्या हातून येत-जात, त्यांचे भांडण नव्हते. त्या दिवशी मी छत्री घेऊन वर उभी होते. ती आपल्या पायरीवरून ओरडली, ‘शेवंताबाय, झाड म्होटा जाता आणि तू आपली देवळात उभी रवल्यासारखी उभी!’

‘हात लावूक जमणा नाय गो. पिंपळ आसा.’

‘पिंपळ तुझो, हात माझो. माका काय जाता?’

गाऊनवरच ती शिडी चढून आली. छातीवर क्रुसाची खूण केली, मी दिलेले सळईचे खुरपे घेतले आणि एकही मूळ न तोडता रोप अलगद सोडवले. मी ते ओल्या गोणपाटात गुंडाळून सड्याच्या वाटेवर लावले. तेव्हापासून दर वर्षी ती काढते आणि मी लावते. पाप कोणाच्याच पदरी नाही. बसथांब्यामागे जो पिंपळ आता सावली धरू लागला आहे, तोही आमच्या छपरावरचाच. खुरपे मी तिलाच देऊन टाकले.

सबब, गडगा आहे तिथेच राहील. माझ्या कोणाही वारसाने मोजणी आणू नये. त्या हातभर जमिनीच्या बदल्यात तिने मला सगळे घर कोरडे दिले आहे.

कलम ६. घर व जागा सृष्टीला देते. सिद्धेशने स्वतःच तसे सुचवले आहे. तिच्यावर अटी पुढीलप्रमाणे. वर मजला, पत्रा किंवा पर्यटकांसाठी खोली काढू नये. दिवाळीनंतर गवत कापावे. मृगाच्या आधी पाणी जाण्याची तोंडे साफ करावी. वैशाखात सगळे पिवळे पडून मेल्यासारखे दिसेल, तेव्हा घाबरून पाणी घालू नये. सड्यालाही कोणी पाणी घालत नाही.

कलम ७. काजूची बाग सिद्धेशला. बँकेतल्या ठेवी दोघांना निम्म्या. वरचा मजला कोणालाच दिलेला नाही, कारण तो नाही. त्याबद्दल सिद्धेशने जन्मात कधी मनाला लावून घेऊ नये. ही विनंती नाही, हुकूम आहे.

कलम ८. घावनांचा बिडाचा तवा सृष्टीला. त्यावर साबण लावल्यास तवा गुरुदासांकडे जाईल. खानावळीचा मोठा तोप जेसिंताबायला द्यायचा होता. पण वकील म्हणाले, जिला काही मिळते तिने साक्षीदार न होणे बरे. हे तिला सांगितले तर म्हणाली, ‘तोप ऱ्हवांदे. सयी मीच करतलंय.’ शेवटी तोप आजच गडग्यावरून पलीकडे दिला. आता तिला माझ्याकडून काहीही मिळायचे नाही, त्यामुळे ती खुशाल सही करू शकते.

कलम ९. हे कलम मी पुष्कळ वेळा लिहून खोडले. जेसिंताबायचे गुडघे गेले आहेत आणि शिडी बंद झाली आहे. मग माझ्यामागे पिंपळ काढणार कोण? घर सृष्टीला दिले, अटी घातल्या, पण एका श्रावणात कोणी वर गेले नाही तर सगळे लिहिलेले पाण्यात जाईल. सिद्धेशवर हे बंधन घालावे असे मनात होते. वकील म्हणाले, असली अट कोर्टात टिकत नाही. मलाही वाटले, एकदा त्याच्या नावाने सळया सोडल्या तेवढे पुरे झाले. म्हणून जागा कोरी ठेवली होती.

आज सकाळी जेसिंताबाय मोदक न्यायला म्हणून आली आणि गणपतीला आलेल्या सिद्धेशच्या हातात तिने खुरपे ठेवले. ‘घे रे. तुझ्याच सळयेचा आसा.’

तो मागे सरला. ‘बाय, पिंपळ माझ्यान होवचो नाय.’

‘मारूक खंय सांगतंय तुका? बिऱ्हाड हलवचा आसा. मुळा सांभाळून काढ, आवय लावतली. तू नाय हललंस वसईक? मेलंस काय?’

त्याने माझ्याकडे पाहिले. मी मोदकांचा डबा भरत राहिले. बोलायची फार इच्छा झाली होती, ते मी इथे नोंदवून ठेवते. तो खुरपे घेऊन वर गेला. जाताना म्हणाला, ‘दर वर्साक येतंयच तर ह्यां करून जायन.’

सध्या मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत आहे. जेसिंताबाय अंगणात खुर्ची टाकून बसली आहे. वरून आवाज येतो, ‘आये, ह्यो पिंपळ काय वड?’ मी उठायच्या आत ती ओरडते, ‘पाना कसली बघतंस, मुळा बघ!’ गवतावर पाऊल वाजत नाही. पण कठड्यालगतच्या चिऱ्यांवरून तो चालला की नेमके माझ्या डोक्यावर वाजते. मी लिहिणे थांबवून बराच वेळ ऐकत बसले. चहा गार झाला.

हे कलम कोरेच ठेवते. त्यात लिहायचे आता काही उरलेले नाही.

येणेप्रमाणे सर्व मजकूर मी लिहून, वाचून, खाडाखोडीजवळ सही करून पुरा केला. मी समाधानी आहे. घर कोरडे आहे.

ठिकाण: कसाल
दिनांक: ३० ऑगस्ट २०२५

(सही) शेवंती हरिश्चंद्र धुरी

आम्ही खालील साक्षीदारांनी श्रीमती धुरी यांना सही करताना पाहिले आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या.

१. (सही) निलेश मेस्त्री, गवंडी, राहणार कसाल
२. (सही) जेसिंता फर्नांडिस, निवृत्त शिक्षिका, राहणार कसाल, गडग्यापलीकडे

टीप: सहीच्या वेळी दोन्ही वारस या खोलीत हजर नव्हते. सृष्टी गणपतीपुढे निरांजन लावत होती. सिद्धेश वरच्या मजल्यावर होता.