पायातले धागे

ब्रिस्बेन, रविवार

माझ्या सिनीवा,

तुझी आणि दारातल्या नीरफणसाची खूप आठवण येते.

ऑपरेशन नीट झालं. सुजलेल्या पायात कातडीखाली कोलॅजेनचे, म्हणजे कातडीतच असतं त्या प्रथिनाचे, बारीक धागे घातलेत. त्यांच्या आधाराने शरीर साचलेल्या पाण्यासाठी नव्या वाटा विणतं, मग धागे विरून जातात. शाळेत कविता पाठ करताना आधी नुसती चाल यायची, अर्थ मागून उगवायचा; तसंच हे. धागे डुकराचे आहेत. "जन्मभर पोटात गेलं, आता पायात," असं तू म्हणशीलच.

एक चूक झाली. पाय उशीवर उंच ठेवायचा होता. पण पाद्री भेटायला आले. आपल्या सामोआत त्यांच्यासमोर पाय पसरतं का कुणी? मी तासभर मांडी घालून बसलो. पाय टम्म फुगला. नर्स ओरडली, "आजोबा, ते स्वर्गात नेतील, पण तिथवर चालायचं कशानं?"

आज सूज उतरलीय. आता कुणी आलं की पाय उशीवरच ठेवतो आणि तू विणलेली चटई वर पांघरतो; पसरलेला पाय झाकला की पाहुण्याचा मानही राहतो.

नातीच्या लग्नात मांडी घालता येईल का, डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. तू मात्र शेजारची जागा धरून ठेव. नाहीच जमलं, तर चटई दोघांच्याही पायांवर पुरेल ना?

तुझा वर्गसोबती आणि नवरा,
इओसेफो