गुडघे टेकून इतिहास

कुक टाउन, बेंगळूर
फेब्रुवारी १९५९, रविवार

ती. कस्तुराक्कास,

भीमसेनचा वाकून नमस्कार. भावजींना तसाच, आणि आत्याबाईंना जरा जास्त वाकून, कारण तुझ्या सासूबाई नमस्कार मोजतात. त्यांचा दमा कसा आहे? भावजींचा तंबाखू यंदा नीट वाळला का? म्हैस व्याली का? माझी तब्येत झकास आहे, फक्त गुडघे दुखतात, आणि ते का दुखतात हे सांगितल्याशिवाय मला आज जेवण जाणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. तुझं पत्र पोचलं. मिरच्या वाळत घातल्या आणि म्हशीनं दावं तोडलं या दोन बातम्यांच्या मधे तू एक ओळ कोंबलीस, की तुझ्या कल्पनाचं नाव चौथीनंतर शाळेतून काढलं, आता पोरगी घरीच असते. त्यावर मी काही बोलत नाही. निपाणीच्या घरात पत्र भावजी मोठ्यानं वाचतात आणि आत्याबाई तंबाखूची पानं निवडत ऐकतात, हे मला माहीत आहे. (नमस्कार, भावजी. जरा सावकाश वाचा.)

तर मी आता फुर्ताडोंच्या परसातल्या खोलीत राहतो. पूर्वी तिथं बंबाची लाकडं असायची, आता मी असतो. फरक एवढाच, की लाकडांचा उपयोग व्हायचा. (हे माझं मत नाही, घरमालकीण लुडोविनाबाईंचं.) ही मंडळी ख्रिस्ती, मूळची आपल्या खानापूरची, त्यामुळं घरात प्रार्थना मराठीत, भांडण कोकणीत आणि भाजीवाल्याशी घासाघीस कन्नडमधे. यजमान कायतानराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आहेत. मुलं दहा. सगळ्यात मोठी थेक्ला, सगळ्यात धाकटा डुमिंग, आणि मधल्या आठांची नावं मी अजून चुकवतो, म्हणून मी कोणालाही हाक मारली की दोघंतिघं येतात. माझी कादंबरी (तीच, पूर्णविराम नसलेली) या गोंधळात बंद पडलीय. पण अक्का, खरं सांगतो, मला त्याचं काही वाटत नाही. या घरात रोज जे चालतं ते कोणत्याही कादंबरीत मावणार नाही.

कारण यातलं एकही पोर शाळेत जात नाही. आत्याबाई, गैरसमज नको, पोरं उनाड नाहीत. कायतानरावांची बदली आज गुंतकल, उद्या अर्सीकेरे, परवा हुबळी. पोराचं नाव शाळेत घालून पाटी आणेपर्यंत नव्या बदलीचा कागद हजर. शेवटी लुडोविनाबाई वैतागल्या आणि म्हणाल्या, शाळाच आपल्या सामानात बांधू. स्वतः त्या सातवी शिकलेल्या, फक्त सातवी. परसातल्या फणसाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलाय, तो बाईंनी हातोडीनं बडवला की शाळा भरते. अपूर्णांक पावाच्या कणकेवर. भूगोल धुण्याच्या दोरीवर, चादर म्हणजे रशिया आणि डुमिंगची चड्डी म्हणजे सिलोन. थेक्ला खालच्याला शिकवते, तो त्याच्या खालच्याला, असं करत विद्या डुमिंगपर्यंत उतरते. चूकसुद्धा तशीच अखंड उतरते. (थेक्लानं एकदा कावेरी अरबी समुद्राला मिळवली होती, डुमिंगच्या पाटीवर ती अजून तिकडंच वाहते.) पण हीच थेक्ला गेल्या वर्षी घरी बसून मॅट्रिक पास झाली. ओट्याजवळ बसून, अक्का. एका हातात कलथा, एका हातात भूमिती.

मी खोलीच्या भाड्याऐवजी इतिहास शिकवतो. आपल्या शिवाजीमहाराजांचा. पोरांना लढाया पाठ, सालं मात्र कोणाच्या डोक्यात राहीनात. आणि नेमकं त्याच वेळी बेळगावहून पाद्रीकाकांचं पत्र आलं. पाद्रीकाका म्हणजे कायतानरावांचे थोरले भाऊ, फादर पास्कोल. त्यांचा शब्द या घरात आपल्या आबांच्या शब्दासारखा, म्हणजे बाकीच्यांनी फक्त माना हलवायच्या. पत्रात होतं, बदल्या संपल्या, आता ही भटकी शाळा पुरे. मुलगे बेळगावला बोर्डिंगात आणि मुली मंगळूरला नन्सकडे. मी शुक्रवारी येऊन स्वतः परीक्षा घेतो. पोरं खरंच शिकली असली तर बघू, नाहीतर जूनला सामान बांधा.

कायतानरावांनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. थोड्या वेळानं मी परसात गेलो तर बाई स्टुलावर चढून तो रुळाचा तुकडा राखेनं घासत होत्या. लोखंडाचा तो तुकडा आजवर कोणी घासला नव्हता. मला म्हणाल्या, "भीमसेन, स्वल्प, जरासं, सालांकडं बघ. बाकीचं मी बघते."

आता ऐक, खरी मजा इथं आहे. या घरात दिवेलागणीला सगळे गुडघे टेकून माळ जपतात आणि शेवटी थेक्ला मरियामातेचं एकेक नाव घेते. प्रत्येक नावापाठोपाठ बाकीचे सगळे एका सुरात म्हणतात, "आमच्यासाठी विनंती कर." नाव, विनंती, नाव, विनंती, आगगाडीच्या चाकांसारखं. डुमिंग जमिनीला कपाळ लावून अर्धा झोपलेला असतो, तरी त्याची विनंती एकदासुद्धा चुकत नाही. मी दारात उभा होतो आणि माझ्या अंगावर काटा आला. मी दोन वर्षं कादंबरीसाठी जी लय शोधत होतो, ती इथं रोज संध्याकाळी फुकट चालू होती. दुसऱ्या दिवशी मी पोरांना फणसाखाली बसवलं, तसंच गुडघ्यांवर (त्याशिवाय त्यांना सूर सापडेना), आणि त्याच चालीत मी पराक्रम सांगायचा, त्यांनी साल म्हणायचं. तोरणा घेणारे शिवाजीराजे, सोळाशे सेहेचाळीस. प्रतापगडाखाली आलेला अफझलखान, सोळाशे एकोणसाठ. अक्का, दोन दिवसांत दहाच्या दहा पोरांना सगळं तोंडपाठ. मीही त्यांच्याबरोबर गुडघ्यांवर. तर हे असं आहे गुडघ्यांचं.

शुक्रवारी गाडी लेट झाली आणि पाद्रीकाका बरोबर दिवेलागणीला दारात उभे. भले थोरले, पांढरी दाढी, झगा धुळीनं भरलेला. हातपाय धुतले आणि थेट माळेलाच बसले. मीही कोपऱ्यात बसलो. नावं झाली, विनंत्या झाल्या, पोरं उठायला लागली, तर पाद्रीकाका डोळे न उघडता म्हणाले, "बसा तसेच. थेक्ला मॅट्रिक झाली, म्हणजे गणिताचं कळलं मला. त्या मास्तरांनी काय शिकवलंय ते ऐकू दे."

मी खुशीत घसा साफ केला. त्याच जागी, त्याच चालीत म्हणालो, "बेंगळूरची जहागीर सांभाळणारे शहाजीराजे."

दहा तोंडांतून एका सुरात आलं, "आमच्यासाठी विनंती कर."

वाटलं, पुढच्याला सावरतील. तोरणा म्हटलं, परत विनंती. थांबायला हवं होतं, पण ती चाल एकदा सुरू झाली की उतारावरच्या गाडीसारखी, बैलांनाही थांबता येत नाही. प्रतापगडाखाली आलेला अफझलखान म्हटलं. आमच्यासाठी विनंती कर. बोटं गमावलेला शाहिस्तेखान. आमच्यासाठी विनंती कर. लुडोविनाबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की पोरांच्या आवाजाखाली आणखी एक आवाज आहे, जाड, खर्जातला, सगळ्यांना ओढून नेणारा. पाद्रीकाकांचा. डोळे मिटलेले, बोटांत माळ, चाळीस वर्षांची सवय. "आग्र्याच्या दरबारातला औरंगजेब," मी म्हणालो, आणि सगळ्यात भाविकपणे विनंती केली ती त्यांनी.

पाद्रीकाकांनी सावकाश डोळे उघडले. डुमिंगनं जमिनीवरचं कपाळ उचललं.

"काका, अफझलखान आपल्यातला संत आहे?"

"तो कधी आला होता रे?" पाद्रीकाका अशा आवाजात म्हणाले, की मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

"कोण?"

"खान."

"सोळाशे एकोणसाठ," डुमिंग म्हणाला. "पण तुम्ही चुकलात."

त्यांनी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. उभं करून, साध्या बोलण्यात. अक्का, एक साल चुकलं नाही. सगळं आत होतं, फक्त माळेच्या जागेवर त्या सुरात विनंतीच बाहेर येत होती. पाद्रीकाका हसले नाहीत. जेवताना त्यांनी माशाची आमटी दोनदा मागून घेतली, आणि हात धुता धुता म्हणाले, "लुडोविना, ही पोरं बोर्डिंगात गेली तर तिथं सांगणार, आमचे पाद्रीकाका औरंगजेबाला साकडं घालतात. बिशपांच्या कानावर जायचं. त्यापेक्षा राहू देत तुझ्याजवळच."

लुडोविनाबाई नुसत्या "सरी" (म्हणजे कन्नडमधलं 'बरं') म्हणाल्या आणि परसात गेल्या. शाळेची वेळ नव्हती, काही नव्हतं, तरी त्यांनी तो रूळ असा बडवला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. मला वाटतं, देवनहळ्ळीपर्यंत ऐकू गेला असेल.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना पापे, आणि म्हशीला जे काय योग्य असेल ते.

तुझा भाऊ,
भीमसेन

ता.क. भावजी, गुडघ्यांसाठी करंजाचं तेल पाठवलंत तर उपकार होतील. एवढं वाचून तुमचा घसा सुकला असेल. पाणी प्या आणि पत्र अक्काकडे द्या, पुढं बायकी साड्यांचं आहे.

ता.क. २. अक्का, साड्यांचं काही नाही. लुडोविनाबाई सातवी शिकल्यात, तूही सातवी शिकलीस, आणि मला पावकी-निमकी तूच चुलीपुढं फुंकणी मारत शिकवलीस. रूळ नसला तर खलबत्ता वाजव. पाचवीची पुस्तकं थेक्लानं बांधून दिलीत, कायतानरावांनी पार्सल केलंय. वर 'भीमसेनचे जुने कपडे' असं लिहिलंय, म्हणजे तुमच्या घरात ते कोणी उघडणार नाही.

ता.क. ३. आत्याबाई दाराआडून ऐकत असल्या तर त्यांनाही बसव. आवाज चांगला आहे त्यांचा, पोरीच्या मागं साल म्हणायला कोणीतरी लागतंच.

ता.क. ४. पुढचं पत्र तू लिहू नकोस. कल्पनानं लिहावं. खूप चुका झाल्या तरी चालतील. इथं पाद्री चुकले, म्हणून शाळा वाचली.