ताईचा राखीव

मंगळवार, १२ मार्च

ती. ताईला धाकट्याचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. ‘फोनवर तू विषय बदलतोस, तेव्हा हो की नाही ते लिहून कळव. तोवर मी फोन उचलणार नाही,’ असं बजावलंयस, आणि खरोखरच उचलत नाहीस! चालढकल करणाऱ्या गिऱ्हाइकांना तू असंच वठणीवर आणायचीस. दाजींचा गुडघा कसा आहे? जिने चढू देऊ नकोस त्यांना.

आपला फिल्टरचा कारखाना जोरात आहे. समोरच्या मोठ्या कंपनीनं आता फिल्टरवर सेन्सर बसवलेत. आत गाळ साठला की फिल्टर स्वतःच कळवतो. पूर्वी चिडलेल्या गिऱ्हाइकाचा फोन यायचा, आता म्हणे फिल्टरचाच येणार. आपल्याकडे तुझी भाची पोकळ धाग्यांच्या यंत्राला चिकटून बसली आहे. केसाएवढे धागे, आतून पोकळ; पाणी त्यांच्या भिंतींतून गाळलं जाऊन बाहेर पडतं. आपण पाणी गाळायच्या कापडी पिशव्या शिवत होतो तेव्हा हे खूळ तूच डोक्यात घेतलंस. ‘अरे, पिशव्यांवर किती दिवस काढणार?’ म्हणालीस. मी आठवडाभर गाल फुगवून बसलो, तू ढुंकून पाहिलं नाहीस. तेव्हा माझे लाड पुरवले असतेस तर आज कारखान्याला कुलूप असतं. याबद्दल तुझे आभार कधी मानले नाहीत, ते आज मानतो.

बघ, बदललाच विषय.

दवाखान्यात डायलिसिसला आठवड्यातून तीनदा जातो. माझ्या खुर्चीशेजारी रक्त गाळणारी जी नळी असते, तिच्यातही असेच पोकळ धागे. मी सिस्टरना त्यांची भोकं समजावायला लागलो, तर म्हणाल्या, “काका, इथं तुम्ही गिऱ्हाईक आहात. हात हलवू नका.” आणि पहिल्या भेटीत मी डॉक्टरांना काय विचारलं ते कळलंच असेल तुला. “किडनी चोक झाली असेल, तर उलटं पाणी मारून धुता नाही का येणार?” डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. तुझी भावजय हे चारचौघांत रंगवून सांगते.

पत्रात तू लिहिलंस, ‘माझ्याकडे एक राखीव आहे.’ धंद्यातला शब्द वापरून मला गुंडाळतेस होय? जोडफिल्टर विकताना तू हेच ऐकवायचीस, एक चालू, एक राखीव. पण किडन्या आळीपाळीनं चालत नाहीत ताई, दोन्ही एकदमच राबतात. राखीव वगैरे काही नसतं. तू कामावरची काढून देते आहेस. हे मी डॉक्टरांकडून पक्कं करून घेतलंय.

तू एका किडनीवर नीट राहशील असं ते सांगतात. तपासण्या जुळल्या आहेत. तुझ्या जिवाची काळजी वाटते, नाही असं नाही, पण मी गप्प होतो ते दुसऱ्याच कारणानं. माझ्या अंगानं ती स्वीकारलीच नाही तर? तू पोट चिरून घ्यायचंस आणि माझ्याकडे येऊन ती वाया जायची? मग तुला तोंड कसं दाखवू? एवढंच मनात होतं. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

काल कारखान्यात धाग्यांचा नवा जुडगा पाण्यात बुडवून हवा सोडायची होती. धागा कुठं फाटला असेल तर बुडबुडे येतात. आधीचे कितीतरी जुडगे वाया गेले होते, म्हणून मी म्हटलं, “हा राहू दे, आणखी तपासू.” तुझी भाची कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बाबा, वाया जाईल म्हणून लावायचाच नाही? मग बनवला कशाला?” वर म्हणते, “आत्याच्या बाबतीतही हेच चाललंय ना तुमचं?”

मी न सांगताच ओळखलं तिनं. पोरगी थेट तुझ्यावर गेली आहे. हवा तिनंच सोडली. एकही बुडबुडा आला नाही, पण आला असता तरी माझं ठरलं होतं. तू देते आहेस ते जपून कपाटात ठेवण्यासाठी नव्हे, हे इतक्या उशिरा डोक्यात शिरलं.

तेव्हा हो. घेतो. तारीख तू ठरव, मी हजर असेन. टिकली तर तिला फुलासारखी जपेन. नाही टिकली तर तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडेन, आणि तू रागावणार नाहीस हे मला ठाऊक आहे. लहानपणापासून तुझ्याकडून घेतच आलोय, ताई. आज पहिल्यांदा मान खाली न घालता घेतो आहे.

आता फोन उचल.

तुझाच, आणि लवकरच थोडासा तूच,
धाकटा